नवऱ्यानं सांगायचं

“बायकोनं नाही, नवऱ्यानं सांगायचं!” असं म्हणून सिस्टर हातातला खडू थेट मागच्या बाकावर रोखायच्या. मागच्या बाकावर मी असायचो. तुम्हीही तिथंच बसला असता, उगीच साळसूद बनू नका.

मूल होण्यासाठीचे उपचार सुरू होण्याआधी आमच्या सोलापुरातल्या एका दवाखान्यात जोडप्यांचा वर्ग भरतो. तो घेणाऱ्या या सिस्टर. प्रत्येक नवऱ्याला ‘मालक’ म्हणायच्या. पहिल्याच शनिवारी म्हणाल्या, “मूल होईलच असा शब्द देत नाही. पण अर्धवट ऐकून, घाबरून इथून कुणी जायचं नाही.”

मग गुंडाळलेला टॉवेल पुढे केला. हे पोट समजायचं आणि सुई टोचायची. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. सवयीनं आधी वीण तपासली.

“मालक, माल पास करायला नाही बोलावलं. टोचा.”

टोचली, ती माझ्याच बोटात. वर्ग हसला, सगळ्यात मोठ्यानं बायको.

“दुखलं? तिला तपासण्यांसाठी आठ वर्षं टोचतायत की. तुमची तपासणी किती वेळा झाली?”

एकदाही नाही. बायको हसायची थांबली. दुसऱ्याच दिवशी मी तपासणी करून घेतली.

इंजेक्शनं सुरू झाली. ती थंड ठेवायची होती आणि घरी आईला काही कळू द्यायचं नव्हतं. मी डोकं लढवलं आणि नवी पेठेत मित्राच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात, सोड्याच्या बाटल्यांमागं डबा ठेवला. तीन दिवस मी स्वतःवर खूश होतो. चौथ्या दिवशी दुकानाला कुलूप. साप्ताहिक सुट्टी! मित्र मोहोळला लग्नात. इंजेक्शनची वेळ सहाची, घड्याळात साडेपाच. बायको दुकानाच्या पायरीवर बसली. मी सिस्टरना फोन लावला आणि लपवाछपवीसकट सगळं सांगितलं.

“एक डोस आहे इथं. या. येताना आईंना घेऊन या.”

“आईला कशाला?”

“मग उद्या कुठं लपवणार, रसवंतीत?”

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती पदर खोचून निघाली. दवाखान्यात पोचल्यावर मला म्हणाली, “फ्रीजमदी माज्या लोणच्याला जागा हाय, आन् सुईला न्हाई व्हय रं?” मग सुनेच्या पोटावरचे निळे डाग बघितले आणि सिस्टरना म्हणाली, “मला बी शिकवा की.”

टॉवेलवर आईची सुई पहिल्याच फटक्यात सरळ गेली.

त्या खेपेला यश आलं नाही. ते कळलं त्या दिवशी सिस्टरनी एवढंच विचारलं, “घरी आईंना कोण सांगणार?”

“मी,” मी म्हणालो.

“मग पुढच्या खेपेची निम्मी तयारी झाली, मालक.”

सिस्टर आता निवृत्त झाल्या. गेल्या शनिवारी आम्ही दुसऱ्या खेपेसाठी वर्गात बसलो. टेबलावर तोच टॉवेल, धुऊन धुऊन मऊ पडलेला. नव्या तरुण सिस्टरनी बायकोला विचारलं, “ताई, औषधं कुठं ठेवणार?”

 बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी पहिल्या बाकावरून उठलो.

“घरच्या फ्रीजमध्ये,” मी म्हणालो. “लोणच्याशेजारी.”