फुटलेल्या शिखरापायी मोखाड्याला

एक शब्द न विचारता मी माझ्या विद्यार्थिनीचा प्रयोग मोडायला लावला. वर तिला माफ करायला म्हणून मोखाड्याला निघालो, पेढे घेऊन.

रंजनाचा प्रयोग असा: समोरासमोर दोन आरसे, मध्ये पातळ थर. आरशांत अडकलेला प्रकाश आणि थरातले इलेक्ट्रॉन ऊर्जेची देवघेव करतात. ती घट्ट जमली, की आलेखातल्या एका शिखराची दोन होतात; त्यांत निव्वळ प्रकाशाचं असं कुठलंच उरत नाही, निव्वळ इलेक्ट्रॉनचंही नाही. त्याचीच आम्ही वाट पाहत होतो. मी बैठकीत असताना तिचा फोन आला, "सर, फुटलं."

मला वाटलं, आरसा. तो असता तर ती 'फुटला' म्हणाली असती. हे व्याकरण तेव्हा सुचलं नाही. "उतरव सगळं," म्हणालो. उतरवताना थर फाटला. तिनं आरसा फोडल्याचं मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. ती गावी गेली, ती आलीच नाही.

जव्हारला एसटीतून उतरून जीप धरली. वळणावर एका बाईंची कोंबडी पेढ्यांवर बसली. मी तिला उठवलं नाही; ती माझ्या आधीपासून जीपमध्ये होती. कुणाकडे चाललो ते ऐकून ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर पेढं घेऊन आला, म्हंजे पोर पास झाली."

मोखाड्याहून पाड्यावर चालत गेलो. नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाची आमटी जेवल्यावर रंजनाच्या वडिलांनी भातशेत दाखवलं. "यंदा चांगला फुटला."

मी हळहळ व्यक्त केली.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नाय फुटला तर खायाचा काय, सायेब?"

"फुटवे, सर," रंजना बांधावरून म्हणाली. "एका काडीच्या चार होतात."

मी वाकून एका रोपाच्या काड्या मोजल्या; चार होत्या. मग विचारलं, "त्या दिवशी काय फुटलं होतं?"

"शिखर."

तिनं मोबाइलवर आलेख दाखवला. दोन शिखरं, मध्ये स्वच्छ दरी.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तुम्ही उतरव म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला ते खोटं वाटलं म्हणून."

परत ये, म्हणालो. ती म्हणाली, "आरसा फोडणारी म्हणून नाही येणार." "सोमवारी ये, मग ठरव," मी म्हणालो.

पेढे तिच्या आईनं वाटले. कशाचे, ते कुणी विचारलं नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत मी कपाट उघडलं. दोन्ही आरसे शाबूत होते. रंजना दारात उभी होती, पिशवी खांद्यावरच. मी सगळ्यांना बोलावलं.

"रंजनानं आरसा फोडलेला नाही. तिचं शिखर फुटलं होतं. मी विचारलं नाही, आणि तिच्या नावावर खोटं सांगितलं. रंजना, मला माफ कर."