बऱ्या झालेल्या बाईचा घसा

घाटकोपरला स्टेशनजवळच्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी नुकतीच नोकरीला लागले होते. बी.एस्सी.चा तोरा असा, की सूक्ष्मदर्शकाबाहेर जगात बघण्यासारखं काही आहे असं वाटतच नसे.

एक बाळंतीण न्यूमोनियातून उठली होती. पेनिसिलिनच्या सुया झाल्या, ताप गेला, छाती मोकळी झाली. पण तिच्या सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं, घसा निर्मळ असल्याचा कागद हातात आल्याशिवाय बाळाला अंगावर पाजायचं नाही. बाळ अडीच महिन्यांचं, वरच्या दुधावर. दर सोमवारी त्या सुनेला घेऊन येत. मी तिच्या घशातून कापसाचा बोळा फिरवून जंतू वाढवायच्या, रक्त मिसळलेल्या थाळीवर ओढत असे. दुसऱ्या दिवशी थाळीवर हिरवट कडांचे बारीक ठिपके हजर. मग मी ठसठशीत अक्षरांत लिही, 'न्यूमोनियाचे जंतू आढळले.' असं तीनदा लिहिलं.

तिसऱ्यांदा मात्र मला राहवेना. बाई चांगली ठणठणीत, मग हे जंतू तिच्या घशात करताहेत तरी काय? दुपारी कुणी नाही असं बघून आरशासमोर आ वासला आणि माझाच घसा पुसून घेतला. दुसऱ्या दिवशी माझ्या थाळीवरही तेच ठिपके! सूक्ष्मदर्शकाखाली तीच जोडीजोडीने बसलेली मंडळी. मी आधी घाबरून स्वतःची नाडी बघितली, मग थाळी घेऊन आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरांकडे गेले.

ते हसायलाच लागले. "अगं, कितीतरी धडधाकट माणसांच्या घशात हे मुक्काम ठोकून असतात. आजार गेला तरी हे राहू शकतात. तू लिहिलंस ते खोटं नाही. पण त्या बाईकडे बघितलंस का कधी?"

नव्हतं बघितलं. त्या तिन्ही कागदांवर सही त्यांचीच होती, पण ते बोलायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या सोमवारी दोघी आल्या. मी सासूबाईंना म्हटलं, "हेच जंतू माझ्याही घशात आहेत. मी आजारी दिसते का?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग आधी का नाही बोललीस गं?"

डॉक्टरांनी लिहून दिलं, बाई बरी आहे, बाळाला पाजायला हरकत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी सुनेला हळूच विचारलं, "दूध... आहे का अजून?"

"आजारी पडल्यापासून रोज मोरीत पिळून टाकतेय," ती म्हणाली. "आटू नये म्हणून."