सोयाबीनच्या पोत्यावर पालथी

माझी पुतणी चार वर्षांची आहे आणि ती बोलत नाही. तिला ऑटिझम आहे हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, कारण रिपोर्ट इंग्रजीत होता आणि इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. तेव्हापासून डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला परक्यांसमोर तोंड उघडणं जड जातं, पण वहिनी माझ्याकडे बघत बसायची, म्हणून बोलायचे.

गेल्या हिवाळ्यात पुतणी ओसरीतल्या सोयाबीनच्या पोत्यावर पालथी पडून राहू लागली. पोट पोत्याच्या कडेला दाबायची, स्वतःच्या हाताला चावायची, मग उठून पायांची अढी घालून चवड्यांवर उभी राहायची. चेहरा लाल व्हायचा. आई एकदा म्हणाली, "पोट दुखून राह्यलं असन तिचं."

मी आईला समजावलं की याला सेन्सरी म्हणतात. अशा मुलांना अंगावर दाब हवा असतो, चवड्यांवर उभं राहणंही त्यातलंच. मोबाईलवर वाचलं होतं. शब्द इंग्रजी होता, आई पुढे बोलली नाही.

मग चड्डीला डाग पडू लागले. दिवसातून तीन-चारदा, थोडंसं, पातळ. आता मात्र आईने ठरवलं, पोरीचं पोट चाललं. दूध बंद झालं. केळं आणि मऊ भात सुरू झाला, आणि सकाळ-संध्याकाळ सहाणेवर उगाळलेलं जायफळ. आमच्याकडे पोट बांधायला जायफळच चाटवतात.

चड्ड्या मी धुवायचे. एकदा त्यात शेळीच्या लेंडीसारखा कडक खडा निघाला. मी तो पाण्याबरोबर जाऊ दिला. कोणाला सांगितलं नाही.

रिसोडच्या डॉक्टरांनी विचारलं, संडास कशी होते? खोलीत आणखी दोन माणसं नंबर लावून बसली होती. मी खाली बघून म्हणाले, "लूज मोशन. तीन-चार वेळा." हा शब्द सोपा होता. त्यात वास नव्हता, रंग नव्हता, लेंडी नव्हती. डॉक्टरांनी पोट थांबवायचं औषध लिहून दिलं आणि आम्ही ते चार दिवस दिलं.

पाचव्या दिवशी तिने जेवण सोडलं. पोट फुगलं होतं, ती भिंतीवर डोकं आपटत होती. आई आणि मी तिला घेऊन वाशिमला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी मला काही विचारलंच नाही. तिला टेबलावर निजवून पोट चाचपलं, मग माझा हात धरून बेंबीच्या डावीकडे, खाली ठेवला. कातडीखाली गोट्यांसारखं काहीतरी लागलं.

"शी कशी असते तिची? इंग्रजी नको, जशी दिसते तशी सांग."

मी सांगितलं. लेंडीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, कडक मळ आत साचून बसला आहे. त्याच्या बाजूने पातळ झिरपतं, तेच डाग पडतात. लोकांना जुलाब वाटतात. मूल बोलत नसेल तर पोट दाबणं, पाय आवळून उभं राहणं, चावणं, हेच त्याचं सांगणं असतं.

परतीच्या एसटीत पुतणी माझ्या मांडीवर झोपली. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्या म्हनलं होतं, पोट दुखते म्हनून. घेऊन बस आता तुयं सेन्सरी." वाटेतलं मालेगाव मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "जायफळ तं मीच उगाळलं वं."

पोट मोकळं करायचं औषध आता कित्येक महिने चालू आहे. जेवणानंतर तिला दहा मिनिटं भांड्यावर बसवायचं असतं. ती न्हाणीच्या दारातच अंग ताठ करते. तिला वाटतं, तिथे दुखतं. दुखायचंच. मी वहीत रोज लिहिते, मराठीत: आज मऊ. आज दोन खडे. आज नाही.

पोती केव्हाच विकली गेली. परवा ती पलंगाच्या कडेला पोट दाबून उभी दिसली. मी पोटाला हात लावायला धावत गेले. तिने पोट सोडलं, पाठ वळवली आणि दाराच्या मागे जाऊन उभी राहिली, मला दिसणार नाही अशी. तिचे चवडे मात्र दाराखालून दिसत होते, टाचा उचललेल्या.