गिटारला कमरेचा पट्टा

जूनमधला दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. हजर: मी, नवरा मिलिंद, सासूबाई (वय चौऱ्याहत्तर) आणि सासूबाईंची गिटार. यादीतल्या 'पंखे पुसणे' या कामावर टिक करायला मी दिवाणावर टेकले. दिवाणावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. ढिगाखाली गिटार पालथी होती.

कट्!

आधी वाटलं, माझंच काहीतरी मोडलं. (तसं झालं असतं तर बरं!) पण गिटारच्या पाठीला, ऐन कमरेपाशी, वीतभर चीर गेली होती.

सासूबाई आठ महिने नौपाड्यातल्या क्लासला जात होत्या. दुसऱ्याच दिवशी ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात त्या पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होत्या. कळव्याहून त्यांची धाकटी बहीण नलूमावशी खास ऐकायला येणार होती, कारण "सुमे, या वयात तुझी बोटं काय वळायची?" असं तीच म्हणाली होती.

सासूबाईंनी चिरेवरून बोट फिरवलं. रागावल्या नाहीत. "नलूला कळव गं, येऊ नकोस म्हणावं," एवढंच बोलल्या. मला कसंतरीच झालं. आणि कसंतरी झालं की मी यादी करते.

दुरुस्तीवाल्याने फोनवर "बुधवारी या" म्हणून सांगितलं. मग घरीच! तारा सैल करणे, चीर पुसणे, लाकडाचा गोंद भरणे, दाबून ठेवणे. पहिली तीन कामं पाऊण तासात उरकली. गोंद जरा सढळ हाताने ओतला. कमी पडायला नको हा माझा सगळीकडचा नियम. (पोह्यांच्या बाबतीत तो चालतो.) घोडं अडलं ते दाबण्यापाशी.

"गव्हाचा डबा ठेव," मिलिंद म्हणाला.

"वीस किलोचा? चिरडायचीय का तिला?"

"तू बसलीसच होतीस की!"

तेवढ्यात सासूबाईंनी आपला कमरदुखीचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला. "हा बांध. मला धरतो, हिला नाही धरणार?"

मी टेपने गिटारची कंबर मोजली. अठ्ठावीस इंच. पट्टा चपखल बसला!

रविवारी सकाळी नऊला पट्टा उघडला. पुढची दोन टोकं खर्रकन सुटली. पाठीमागचा भाग सुटेना. चीर पक्की बुजली होती, आणि पट्टाही तितकाच पक्का चिकटला होता.

"ओढू?"

"ओढ! अख्खी पाठ हातात येईल," मिलिंद म्हणाला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असताना सासूबाई खुर्चीत बसल्या, तारा लावल्या, गिटार पोटाशी घेतली आणि लोंबणारी टोकं स्वतःच्या पाठीमागे नेली. "लाव गं जरा."

मी लावली.

"अगंबाई! आता सरकत नाही ही. क्लासात सारखी घसरायची मेली!"

तशाच निघाल्या. रिक्षात आधी आजी बसवायच्या की आधी गिटारची मान आत घ्यायची, यावर मिलिंद आणि रिक्षावाला यांचं पाच मिनिटं चाललं. मंडळात एका काकांनी विचारलं, "हे नवीन मॉडेल का हो?" सासूबाईंनी वाजवायला सुरुवात केली. मध्येच एकदा चुकल्या, "थांबा हं," म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून. कोणी हललं नाही. संपल्यावर पहिली टाळी नलूमावशीची! तिने समोरून मिठी मारून पाहिली, मध्ये गिटार. मग मागून मारली. "वळली की गं बोटं, सुमे!" दोघी रडत होत्या. मी रडत नव्हते, पर्समधला रुमाल शोधत होते.

सोमवारी सासूबाईंची कंबर धरली. दुसरा पट्टा नव्हता. त्या गिटार घालूनच मेथी निवडायला बसल्या! मी तडक औषधांच्या दुकानात. सासूबाईंसाठी पट्टा मागितला.

"कंबर किती?"

"अठ्ठावीस."

"इतक्या बारीक आहेत?"

"नाही हो, ती गिटारची!"

या घरातल्या खिडक्या, गाद्या, फ्रीजखालची फट, सगळ्यांची मापं माझ्या वहीत आहेत. बावीस वर्षं सोबत राहिलेल्या बाईचं नाही. टेप घेऊन गेले तर म्हणाल्या, "सरक! सूर हातातून जातोय."

आज गुरुवार. 'आईंची कंबर मोजणे' यावर अजून टिक नाही. गिटार सोडल्याशिवाय मोजता येत नाही. आणि नवा पट्टा येईपर्यंत, कंबर दुखते म्हणून, त्या गिटार सोडत नाहीत!