लाल चिंधीचं सूप

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय टाळूनच पुढे जाते. तुम्हाला का सांगते आहे — तेही मला नीट कळत नाही.

आमचं घर कोंढ्याला. अंगणात चार-सहा गावरान कोंबड्या कायमच्या. कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवायचं काम सासूबाईंचं. त्याला हाताचा गुण लागतो म्हणतात. लेकुरवाळीनं अंडी ठेवली तरच पिल्लं निघतात आणि जगतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंना, मीराताईंना, मूल नव्हतं. त्यांना कोणी त्या टोपलीजवळ फिरकू देत नसे. आणि कोंबड्यांची माया मात्र सगळ्यांत जास्त त्यांनाच. एखादी लंगडायला लागली की हळद घेऊन त्याच बसायच्या.

त्या हिवाळ्यात सासूबाई पाय मोडून खाटेवर होत्या. मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, वाकणं जमत नव्हतं. नाइलाजानं मीराताईंनी अंडी ठेवली. आणि सगळी फुटली हो, एकही वाया गेलं नाही. पिवळी, काळी, ठिपक्याची पिल्लं त्यांच्या ओंजळीत चिवचिवत होती. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मीरे, तुह्या हाताले गुन आहे वो." ताई पदरात तोंड लपवून रडल्या.

मला काय वाटलं सांगू? माझ्या पोटात दुखलं. ताई रांधायच्या छान, बोलायच्या गोड, माझा थोरला मुलगाही त्यांच्याच कुशीत झोपायचा. माझ्याजवळ त्यांच्याहून जास्त काय होतं — दोन लेकरं, एक पदरात आणि एक पोटात. तेवढ्यावरच तर मी मिरवत होते.

आता मुद्द्यावर येते. येतच नाही म्हणाल.

पेरणीसाठी राखलेल्या धानाला कीड लागू नये म्हणून आम्ही विषारी औषधी चोळतो. त्याचं सूप वेगळं असतं. ओळख म्हणून सासूबाईंनी त्याला लाल चिंधी बांधलेली, आणि ते वळचणीलाच राहायचं. त्या दुपारी मीराताई नळावर गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "पिल्लायले जराशी कनकी टाकशीन वो." तेवढ्यात तुमसरहून माझ्या आईचा फोन आला. फोन कानाला, हाताला लागलं ते सूप ओढलं, त्यात तांदळाच्या चुऱ्याची ती कनकी घेतली, पाखडली आणि पिल्लांपुढे टाकली. कोंबडी तेव्हा उकिरड्यावर उकरत होती.

चिंधी मी पाहिली. आधी नाही — पण पिल्लं टिपत होती तेव्हा पाहिली. तेव्हाच हाकलता आली असती ना? मी आईशी बोलत राहिले. वाटलं, एवढ्याशानं काय होतं.

संध्याकाळपर्यंत एकही उरलं नाही. कोंबडी डालग्याभोवती फिरून क्लक क्लक करत त्यांना बोलावत होती. मीराताई मातीत बसल्या आणि एकेकाला तळहातावर घेऊन फुंकर घालत राहिल्या.

सासूबाई खाटेवरून सारं बघत होत्या. म्हणाल्या, "मले मालूमच होतं. वांझेचा हात लागला ना."

मी तिथेच उभी होते. दोन हातांच्या अंतरावर. तोंड उघडायचं होतं फक्त.

मी आत गेले आणि सूप मोडून चुलीत घातलं. सूप म्हणजे लक्ष्मी, तिला जाळू नये, हे मला लहानपणापासून माहीत. तरी जाळलं. पुढे सासूबाईंनी विचारलं तेव्हा घुशीनं कुरतडलं म्हणून सांगितलं. किती सहज आलं ते तोंडात.

मीराताईंनी पुन्हा कोंबडीला हात लावला नाही. तेवढ्यावर थांबलं असतं तरी — पण मी बाळंत झाले तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या. मी बाळ पुढे केलं, तर हात मागे घेऊन म्हणाल्या, "नाई वो, माह्या हाताचं काई सांगता येत नाई." बारशाला बाकीच्या बायका पाळण्याशी होत्या आणि त्या मागं भांडी घासत होत्या. मला दिसत होतं. मी आई होते त्याची. माझ्या एका शब्दानं झालं असतं. तो मुलगा आता मिसरूड फुटलेला आहे. थोरला त्यांच्या कुशीत वाढला, याला त्यांनी कधी मांडीवर घेतलं नाही.

सासूबाई गेल्या. आता घरात हाताचा गुण मोजणारं कोणी नाही, असं मला वाटायचं. यंदा आमची काळी कोंबडी खुडूक बसली. मी धीर करून म्हटलं, "ताई, अंडी तुमीच ठेवा."

त्या हसल्या. माझी दोन्ही मनगटं धरून टोपलीकडे नेत म्हणाल्या, "कायले वो? तुह्याच हातानं ठेव. तुह्या हाताले गुन आहे."

मी ठेवली. पिल्लं निघाली, सगळी जगली. मीराताई लांबूनच, कुंपणापलीकडून बघतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या हाताचं कौतुक सांगतात. मी ते ऐकून घेते.