चाकांवरचा कूलर

"इंजिन काढायला किती दिवस लागतील?" डॉक्टरांनी विचारलं.

माझं डोकं बॉनेटखाली होतं. मी तिथूनच म्हणालो, "धुळ्याचे गॅरेजवाले नाना दोन दिवसांत काढतील आणि चौथ्या दिवशी डिझेल इंजिन बसवतील. कटकट संपली."

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. जळगावात मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. डॉक्टर सर्जन होते. इंग्लंडला काही वर्षं नोकरी करून परत आले, तेव्हा सामानाबरोबर गाडीही घेऊन आले. स्वीडनची, कुटुंबाला सोयीची म्हणून घेतलेली, मागे लांबलचक डिकी. कोपरा जिथे यायला हवा तिथे बरोबर काटकोन. आमच्या उन्हाळ्यात दारोदारी पत्र्याचे चौकोनी कूलर असतात, तेव्हा गावाने तिचं नाव ठेवलं 'चाकांवरचा कूलर'. डॉक्टरही हसायचे.

पण गाडीत टर्बो होता. साध्या इंजिनात हवा आपोआप ओढली जाते. टर्बोमध्ये धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद जास्त मिळते. डॉक्टर सांगायचे, "मिस्त्री, तिकडे ही गाडी भल्याभल्यांना मागे टाकायची." मी मान डोलवायचो. माझा विश्वास नव्हता. कपाट कितीही जोरात ढकललं तरी ते कपाटच.

आता ती कपाटासारखीच चालत होती. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायची, काळा धूर सोडायची, पेट्रोल घटाघटा प्यायची. मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलची लाइन साफ केली. गॅरेजमध्ये उभी करून रेस दिली की इंजिन शिवणयंत्रासारखं गोड चालायचं. रस्त्यावर नेली की पुन्हा तेच. शेवटी मी हात टेकले आणि डिझेल इंजिनचा सल्ला दिला. तेव्हा परदेशी गाडी हट्टाला पेटली की सगळे तेच करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धुळ्याला निघालो. डॉक्टर चालवत होते, मी शेजारी. मागच्या सीटवर डॉक्टरांचे वडील, आबा. पिंपळनेरला शेती करायचे. चार दिवस मुलाकडे राहून परत चालले होते. धुळ्याला एसटीत बसणार होते.

पारोळा मागे पडल्यावर एक लांब चढ लागला. डॉक्टरांनी ॲक्सिलरेटर दाबला. धूर निघाला, वेग वाढला नाही. आबांनी काच खाली केली आणि कान बाहेर काढला.

"मिस्तरी, गाडी फुसकारे मारी ऱ्हायनी."

"जुनी झाली आबा."

"जुनी नही. मन्ही हिरवरली मोटर चालू ऱ्हास, पन पाईप फाटा का पानी वावरमा येत नही. आवाज असाच येस."

विहिरीवरच्या मोटरच्या फाटक्या पाईपचा आवाज मलाही माहीत होता. मी काच खाली केली. फुस्स. डॉक्टरांनी पाय काढला की आवाज बंद. दाबला की पुन्हा फुस्स.

"थांबवा," मी म्हणालो.

बॉनेट उघडलं. टर्बोकडून इंजिनकडे जाणारा जाड रबरी पाईप वरून ठणठणीत दिसत होता. खालून बोट फिरवलं तर तेलकट धूळ लागली आणि बोट आत गेलं. चांगली दोन इंचांची चीर. उभ्या गाडीत हवेचा दाब नसतो, म्हणून चीर मिटलेली राहायची. चढावर दाब आला की तोंड उघडायची आणि कोंबलेली हवा बाहेर. पेट्रोल मात्र हवेच्या हिशेबाने आधीच पडलेलं. म्हणून तो धूर.

पण मला खरा घाम फुटला तो दुसऱ्याच कारणाने. तो पाईप मीच बसवला होता. चार महिन्यांपूर्वी मूळचा पाईप तडकला, तेव्हा रेडिएटरच्या साध्या पाईपला सायकलची ट्यूब गुंडाळून 'तात्पुरतं' काम केलं होतं. आणि विसरलो होतो.

"पाईप फाटलाय," एवढं म्हणून भागलं असतं. डॉक्टरांना कळलंही नसतं. आबा मात्र ट्यूबचं टोक चिमटीत धरून माझ्याकडे बघत होते.

"डॉक्टरसाहेब, ही चूक माझी आहे," मी म्हणालो. "आणि मी तुमचं चांगलं इंजिन काढायला निघालो होतो."

डॉक्टरांनी बॉनेट बंद केलं. मग म्हणाले, "पेशंट टेबलावर घेण्याआधी सांगितलंत, हे बरं केलंत. चला."

धुळ्यात नानांनी सगळं ऐकलं आणि पोट धरून हसले. हायवेचे ट्रक दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. नव्या ट्रकांना टर्बो येऊ लागले होते. "हाई इंजिन काढानं पाप मी नही करस," म्हणाले. त्यांनी ट्रकच्या टर्बोचा जाड, आत कापडाचे थर असलेला पाईप मापाने कापून दिला. मी तो बसवला. दोन्ही क्लॅम्प तीनतीनदा तपासले.

या गडबडीत आबांची एसटी निघून गेली.

"पिंपळनेरलाच सोडू," डॉक्टर म्हणाले. "ट्रायलही होईल."

कुसुंब्याच्या पुढे ती एसटी दिसली. समोरचा रस्ता मोकळा होता. डॉक्टरांनी पाय दाबला. एक क्षण काहीच नाही. दुसरा क्षण काहीच नाही. मग शीळ घातल्यासारखा बारीक आवाज आला आणि कोणीतरी पाठीत दणका द्यावा तशी मी सीटला चिकटलो. आबांची टोपी मागे डिकीत. बाहेरची बाभळीची झाडं एकमेकांत मिसळली. एसटी बाजूला दिसली, आणि मग आरशात बारीक होत गेली.

काटा ऐंशीवर होता. मी म्हणालो, "ऐंशीच? वाटलं जास्त."

"मैल आहेत मिस्त्री," डॉक्टर म्हणाले आणि घाईघाईने वेग कमी केला.

आबांनी मागे वळून डिकीतली टोपी उचलली. मग म्हणाले, "हाई गाडी पहिले इचार करस, मंग पयस."

आधी विचार करते, मग पळते! टर्बोबद्दल इतकं नेमकं वाक्य मी नंतर कुठल्या मॅन्युअलमध्येही वाचलं नाही.

पिंपळनेरला आबांनी गल्लीतल्या चौघांना गाडीत बसवून गावाबाहेर दोन फेऱ्या मारायला लावल्या. पुढे डॉक्टरांनी ती गाडी बरीच वर्षं वापरली, आणि तो ट्रकचा पाईप शेवटपर्यंत टिकला.

तेव्हापासून एखादी जुनी गाडी ओढत नाही म्हणून आली, की मी पहिल्यांदा विचारतो, हिला शेवटचा हात कोणी लावला होता? बऱ्याचदा गिऱ्हाईक माझ्याकडेच बघतं.