कुलूप लावलेला काडतुसांचा डबा

कॉलेजात एनसीसीत रायफल धरली होती. ती पुन्हा हातात आली थेट नेदरलँड्समधल्या आल्मेरेत, नवऱ्याच्या व्हिसावर इथे येऊन बसल्यावर. नेमबाजीच्या क्लबात मी एकटीच बाई. "काडतुसं घरी भरतेस? तू?" असं विचारणाऱ्यांना मी सांगायचे, हो, मी! परवाना आहे, वजनकाटा आहे, वही आहे.

कोविडमध्ये काडतुसात भरायची दारू मिळेना. खूप दिवसांनी त्याच नावाच्या दारूचा नवा डबा मिळाला आणि मी वहीतलं जुनं वजन जसंच्या तसं भरलं. तेवढ्यात निर्बंध सैल झाले, सामना ठरला आणि टीमच्या यादीत पहिल्यांदा माझं नाव लागलं. त्या नावासाठी मी दोन वर्षं घासली होती.

सामन्यात पहिल्या दोन गोळ्यांनंतर रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत बसवणारा मागचा दांडा, जरा जड वाटला. तिसऱ्या गोळीनंतर तो उघडेचना. एरवी दोन बोटांनी उचलते, त्या दिवशी तळहाताने ठोकावा लागला. काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर आली, तर प्राइमरची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीची, गोल कड चेपून सपाट झालेली आणि बुडावर चकचकीत ओरखडा. आत दाब भलताच वाढला होता. कुकरला निदान शिट्टी तरी असते. इथे बोल्टपासून वीतभरावर माझा डोळा होता.

"मी थांबते," म्हटलं.

टीमचा कॅप्टन चाळीस वर्षं नेमबाजी करणारा. पुंगळी दाखवली तर मास्क हनुवटीवर ओढून म्हणाला, "उन्हामुळे होतं. सातच राहिल्यात, मार."

"नाही."

"टीम हरेल."

"हरू दे!"

"मग काडतुसांचा डबा इकडे दे. मी मारतो."

मी डब्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. पुंगळी तिथेच टेबलावर राहिली. टीम हरली आणि पुढच्या यादीतून माझं नाव गेलं.

"अगं, ऐकलं असतंस एक दिवस," नवरा म्हणाला.

"आणि डोळा गेला असता म्हणजे?" मी खेकसले. मग उरलेली सातही काडतुसं उघडून दारू तोलली. वजन वहीबरहुकूम. गडबड कुठे, म्हणून दारूचा डबा हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. नवा डबा म्हणजे नवा माल, तोच जास्त जोरकस निघाला होता. नवा डबा फोडला की कमी वजनापासून सुरुवात करायची, हा तर पहिला धडा! शंभर टक्के चूक माझी. रडलेसुद्धा.

रविवारी क्लबात गेले आणि मोडक्या डचमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"म्हणजे चूक तुझीच!" कॅप्टन म्हणाला.

"माझीच. पण थांबले तेही मीच. त्याची माफी मागणार नाही."

मग खिशातून माझी ती पुंगळी काढून त्याने टेबलावर ठेवली. "आठवडाभर बघतोय हिच्याकडे," तो म्हणाला. "मी मारली असती गं."

"माहीत होतं," मी म्हटलं. "म्हणून तर कुलूप लावलं."